लग्नाची कॅसेट आहे, पण लावायची कशावर?

बेळगाव : शहापुरातल्या एका घरात माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या खाली एक काळी कॅसेट सापडली. पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं 'शुभविवाह, मे १९९१'. नवरीमुलगी चंदगडची, मांडव दारातच. त्या लग्नाचे फोटो घरातल्या पोरांनी पाहिलेले आहेत. पण फोटोत पणजोबा बोलत नाहीत. अक्षता पडल्यावर ते दोन-चार वाक्यं बोलले होते आणि शूटिंगवाल्याने ती घेतली होती, एवढं मोठ्या माणसांना आठवतं. पणजोबा १९९४ साली गेले. त्यांचा आवाज कुठे उरला असेल तर तो या एका कॅसेटमध्ये.

कॅसेट आहे, पण ती लावायची कशावर? घरचा व्हीसीआर कधीच भंगारात गेला. पूर्वी व्हीसीआर भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

ही गोष्ट एका घराची नाही. खानापूर, निपाणी, म्हापसा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कुठल्याही मराठी घरात १९८५ ते २००० च्या दरम्यान लग्न, मुंज, बारसं किंवा साठीशांत झाली असेल, तर एखादी कॅसेट कपाटात पडून असण्याची शक्यता मोठी आहे. ती का बंद पडली आणि आता तिचं काय करायचं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

फितीवर चित्र राहतं कसं?

व्हीएचएस कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची फीत असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती अडीचशे मीटरहून जास्त भरते. फितीच्या एका बाजूला लोहाच्या ऑक्साईडच्या अतिशय बारीक कणांचा थर असतो. हे कण म्हणजे छोटे लोहचुंबकच. ते फितीला धरून राहावेत म्हणून त्यात एक चिकट द्रव्य मिसळलेलं असतं. कण कुठल्या दिशेने चुंबकित झालेत, त्यावरून चित्र आणि आवाज परत मिळतो.

गाण्याच्या कॅसेटमध्ये फीत सरकते आणि हेड जागेवर असतं. चित्रासाठी एवढ्यावर भागत नाही. चित्रात माहिती फार जास्त, त्यामुळे फीत प्रचंड वेगाने पळवावी लागली असती आणि तीन तासांचा पिक्चर मावायला पोत्याएवढी कॅसेट लागली असती. यावर उपाय असा निघाला की हेडच फिरवायचं. व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत गोल ड्रम असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ वेळा फिरतो. फीत सेकंदाला सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास सरकते, पण तिरक्या ड्रमवरची हेडं तिच्यावरून सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगाने तिरक्या रेघा ओढत जातात. प्रत्येक रेघेत अर्धं चित्र. रेघेवर हेड नीट बसलं नाही की पडद्यावर मुंग्या. मग कुणीतरी उठून 'ट्रॅकिंग'चं बटण फिरवायचं.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, कॅसेट ही वहीसारखी नुसती उघडून वाचता येत नाही. ती वाचायला नेमकं तेच यंत्र, तोच ड्रम आणि तीच हेडं लागतात. यंत्र गेलं की कॅसेट ठणठणीत असूनही मुकी.

दोन कॅसेटींची लढाई

घरगुती व्हिडिओच्या बाजारात सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, जपानच्याच जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस आणली. बीटामॅक्सची कॅसेट आकाराने लहान आणि चित्राला थोडी सरस मानली जायची. पण सुरुवातीला तिच्यात एकच तास मावायचा. व्हीएचएसमध्ये दोन तास, म्हणजे एक आख्खा इंग्रजी पिक्चर.

जेव्हीसीने आपलं तंत्र इतर कंपन्यांना सढळ हाताने वापरू दिलं. मात्सुशिता, हिताची, शार्प, मित्सुबिशी अशा कंपन्यांनी व्हीएचएसची यंत्रं काढली. सोनीबरोबरही काही कंपन्या होत्या, पण व्हीएचएसची फौज मोठी होत गेली. जास्त कंपन्या म्हणजे जास्त यंत्रं आणि उतरते भाव. खरा निकाल मात्र भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानाच्या फळीवर लागला. दुकानदाराकडे जागा मोजकी, भांडवल मोजकं. गिऱ्हाइकांपैकी जास्त जणांकडे व्हीएचएस असेल तर तो एकच पिक्चर दोन प्रकारांत कशाला घेईल? आणि दुकानात व्हीएचएसच जास्त दिसत असेल तर नवा गिऱ्हाईक बीटामॅक्स कशाला घेईल? हे चक्र एकदा फिरू लागलं की थांबत नाही. अखेर १९८८ मध्ये खुद्द सोनीने व्हीएचएसची यंत्रं काढायला घेतली.

मधल्या काळात आणखी काही जण पडले. फिलिप्सने १९७९ मध्ये 'व्हिडिओ २०००' आणली. तिची कॅसेट गाण्याच्या कॅसेटसारखी दोन्ही बाजूंनी चालायची. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९८१ मध्ये सुईने वाजणारी व्हिडिओ तबकडी काढली. तिचे प्लेअर तीनच वर्षांत बंद करावे लागले. तंत्र चांगलं असूनही दुकान, गिऱ्हाईक आणि रिपेरीवाला यांची साखळी तयार झाली नाही, तर माल पडून राहतो.

हॉलिवूडला तर व्हीसीआरच नको होता. घरी टेप करून लोक पिक्चर फुकट बघतील या भीतीने युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीला कोर्टात खेचलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने निकाल दिला. नंतर याच कॅसेटींच्या विक्रीतून आणि भाड्यातून हॉलिवूडने अमाप पैसा कमावला.

आपल्याकडे : एक रात्र, तीन पिक्चर

भारतात १९८२ हे वर्ष महत्त्वाचं. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. रंगीत टीव्ही आले, त्यांच्यामागून व्हीसीआर. आखातात नोकरीला असलेले आणि बोटीवर काम करणारे लोक सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन यायचे. गोव्यात अशी घरं बरीच होती.

बाकीच्यांसाठी भाडं. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी आणायच्या, वर्गणी काढायची, गल्लीत चादर अंथरायची आणि पहाटेपर्यंत बघायचं. गणेशोत्सवात मंडळापुढे हाच कार्यक्रम. लांबच्या गाड्यांवर 'व्हिडिओ कोच' अशी पाटी लागली. चित्र बिघडलं की काही जण कोऱ्या करकरीत नोटेने हेड पुसायचे. राज्याबाहेरच्या मराठी घरांना याचा आणखी एक उपयोग झाला. जिथे मराठी चित्रपट थिएटरला क्वचित लागायचा, तिथे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून तो यायचा.

चोरटा धंदाही जोरात होता. म्हणूनच १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिडिओ कॅसेटलाही चित्रपटाचंच संरक्षण मिळालं आणि किमान सहा महिने कैदेची तरतूद आली. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, 'न्यूजट्रॅक' हे व्हिडिओवरचं बातमीपत्र निघालं. दूरदर्शन सरकारी होतं, खासगी वाहिन्या नव्हत्या. त्यामुळे लोक बातम्याही कॅसेट भाड्याने आणून बघत. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'च्या निर्मात्यांनी व्हिडिओचे हक्क लगेच विकले नाहीत आणि प्रेक्षकांना थिएटरकडे वळवलं. व्हिडिओ लायब्ररीला पहिला मोठा धक्का मात्र केबलने दिला. गल्लीतला केबलवाला एकाच व्हीसीआरवर कॅसेट लावून शंभर घरांत पिक्चर दाखवू लागला, तेव्हा भाड्याने कॅसेट कोण आणणार?

चकचकीत तबकड्यांची पंधरा वर्षं

१९९३ मध्ये व्हीसीडी आली. एका तबकडीत ७४ मिनिटांच्या आसपास मावायचं, म्हणून हिंदी पिक्चरला दोन नाहीतर तीन सीड्या. चित्र काही व्हीएचएसपेक्षा फार सरस नव्हतं, पण फीत अडकत नाही, रिवाइंड करावं लागत नाही आणि तबकडी छापायला खर्च नगण्य. आशिया खंडात ती तुफान चालली. गोव्यात कोकणी तियात्र आणि मराठी पट्ट्यात मराठी नाटकं व्हीसीडीवरून घरोघर गेली.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये आली. तिच्या एका थरात ४.७ गिगाबाइट, म्हणजे पूर्ण पिक्चर एकाच तबकडीत. पुढच्या पिढीत पुन्हा लढाई झाली, ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. बीटामॅक्समध्ये हरलेली सोनी यावेळी जिंकली. पण तोवर बाजारच हलायला लागला होता.

भारतात मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून खळबळ उडवली. चोरट्या मालाच्या भावात अस्सल माल मिळू लागला. तरी दशकभरात कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये कंपनी लवादाने ती मोडीत काढायचा आदेश दिला. भाव पाडून चोरट्यांशी लढता आलं, पण फोनवर येणाऱ्या पिक्चरशी लढता आलं नाही. अमेरिकेत १९९८ पासून टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डीव्हीडी पाठवली.

व्हीसीआरचा शेवट त्याआधीच झाला होता. सोनीने बीटामॅक्सच्या कॅसेटी मार्च २०१६ मध्ये बंद केल्या. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आदल्या वर्षी तिचे साडेसात लाख व्हीसीआर खपले होते. म्हणजे गिऱ्हाईक अजून होतं, पण सुटे भागच मिळेनासे झाले. आज जगात जे व्हीसीआर चालू आहेत तेवढेच. एक बिघडला की एक कमी.

पिक्चर वाचला, लग्न राहिलं

इथे हिशेब नीट बघायला हवा. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली थिएटरला लागला. नंतर तो कॅसेटवर, सीडीवर, टीव्हीवर आणि आता फोनवर आहे. दर वेळी नव्या साच्यात ओतायचा खर्च कुणीतरी केला, कारण त्यातून परतावा मिळणार होता. ज्याला बाजार आहे ते एका पिढीतून दुसऱ्या पिढीत आपोआप जातं.

शहापुरातल्या त्या लग्नाला बाजार नाही. ते पुन्हा कुणी प्रसिद्ध करणार नाही. बरं, त्याची प्रतही बहुधा एकच. शूटिंगवाला पॅनासॉनिकच्या एम-३००० किंवा एम-९००० सारख्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याने घेत असे. मग मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकाराची चौकट, मंगलाष्टकांवर चढवलेलं सिनेमातलं गाणं, आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला. प्रतीवरून प्रत काढली की चित्र दर वेळी उतरतं, त्यामुळे घरातली कॅसेट मुळातच दुय्यम. कोरी कॅसेट महाग असल्याने मूळ कॅसेटीवर बऱ्याचदा दुसरंच लग्न टेप व्हायचं. नातेवाईक अमेरिकेत असले तर आणखी घोळ. तिथली एनटीएससी पद्धत वेगळी, त्यामुळे इकडून पाठवलेली पाल कॅसेट तिकडच्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसतच नसे.

थोडक्यात, घरच्या कॅसेटीचा मालक, निर्माता आणि वितरक सगळे घरचेच. त्यांनी केलं नाही तर दुसरं कुणी करणार नाही.

कॅसेट मरते कशी?

फितीचा शत्रू म्हणजे ओल. हवेतली दमट शोषून ते चिकट द्रव्य हळूहळू सुटू लागतं. फीत चिकट होते, कण झडून हेडावर बसतात आणि चित्र जातं. दुसरा शत्रू बुरशी. खिडकीतून बघितलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरी किंवा करडी पूड दिसते. बेळगाव-खानापूरचा पावसाळा आणि गोव्याची बारमाही दमट हवा दोन्हींना पोषक. इंदूर-ग्वाल्हेरकडे हवा कोरडी, पण उन्हाळ्यात पत्र्याखालची ट्रंक भट्टीसारखी तापते, तेही वाईटच.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की चुंबकीय फितींवरचं जे काही २०२५ पर्यंत उतरवून घेतलं जाणार नाही, ते बहुतांशी गेलं असं समजावं. कारण फिती खराब होतात, यंत्रं संपतात आणि यंत्र दुरुस्त करणारी माणसंही निवृत्त होतात. ती मुदत उलटून गेली आहे. म्हणून सगळं संपलं असं नाही. नीट ठेवलेल्या कॅसेटी आजही चालतात. पण आता दिवाळीच्या साफसफाईवर ढकलायची वेळ राहिलेली नाही.

आता काय करायचं?

आधी कॅसेट ओळखा. जाड पुस्तकाएवढी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. तिचीच लहान भावंडं व्हीएचएस-सी. ती एका खोक्यात घालून व्हीसीआरमध्ये चालते. गाण्याच्या कॅसेटीएवढी, पण थोडी जाड असेल तर ती व्हिडिओ-८ किंवा हाय-८. तिला व्हीसीआरमध्ये घालायचं खोकं मिळतच नाही, तिचाच कॅमेरा लागतो. काडेपेटीहून थोडी मोठी असेल तर मिनी-डीव्ही. तिच्यात चित्र मुळातच अंकांत असतं, त्यामुळे योग्य वायरने ते जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरतं.

व्हीसीआर कुणाकडे मिळाला म्हणून लगेच कॅसेट घालू नका. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट अजिबात चालवायची नाही. फीत तुटते, शिवाय बुरशी हेडाला लागून पुढच्या कॅसेटीत शिरते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. अनोळखी यंत्र असेल तर आधी एखादी बिनकामाची कॅसेट लावून ते फीत खात नाही ना, हे बघावं.

सगळ्याच कॅसेटी एकदम देऊ नका. आधी एक द्या, काम बघा, मग बाकीच्या. दुकानदाराला नीट सांगा : चित्र ताणून रुंद करू नका, मूळ चौकोनीच ठेवा, 'रटाळ' भाग कापू नका, नवं गाणं चढवू नका, सीडी नको, चांगल्या दर्जाची फाइल पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर द्या. पंगतीत वाढणारे हात, दारात उभ्या असलेल्या शेजारणी, मागे दिसणारं जुनं घर, हे रटाळ भागातच असतं.

ज्यांनी वीस वर्षांपूर्वी कॅसेटीची सीडी करून घेतली, त्यांनीही निर्धास्त राहू नये. घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो वर्षांगणिक फिका पडतो. शिवाय व्हीसीडी करताना बरंच चित्र दाबून टाकलेलं असतं. मूळ कॅसेट असेल तर पुन्हा तिच्यावरूनच उतरवून घ्यावं आणि त्यानंतरही ती टाकून देऊ नये. कॅसेट उभी, कोरड्या जागी, भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवावी.

फाइल मिळाली की तिच्या तीन प्रती करा : एक घरी, एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे, एक ऑनलाइन. व्हॉट्सअॅपवर पाठवली म्हणजे जपली असं नाही. तिथे चित्र पुन्हा दाबलं जातं. फाइलला 'व्हिडिओ १' असं नाव न देता गाव, साल आणि कुणाचं काय, हे लिहा.

आणि शेवटचं काम, जे कुठल्याही दुकानात होत नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि एकदा पूर्ण बघा. हा कोण, ती कुणाची, फेटा बांधलेले ते कुठले, हे वहीत लिहून घ्या. यंत्र शोधलं तर अजून सापडेल. चेहरे ओळखणारी माणसं मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहेत.

शहापुरातली कॅसेट अजून कपाटात आहे. खिडकीतून फीत काळी, स्वच्छ दिसते, बुरशी नाही. घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या मांडवात कोण कुठे बसलं होतं, ते त्यांना अजून सांगता येतं.